स्कॉटलंडची सिंगल माल्ट घ्यावी की गोव्याची?

सिंगल माल्टची, म्हणजे एकाच कारखान्यात फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची, पहिली बाटली घेताना बहुतेक जण लेबलवरचं वय बघतात. स्कॉचवर ‘12 वर्षं’ असतं, गोव्याच्या पॉल जॉन या ब्रँडच्या बऱ्याच बाटल्यांवर आकडाच नसतो, म्हणजे ती कच्ची, असा हिशोब. हा हिशोब मला अजिबात पटत नाही.

करायची रीत दोन्हीकडे एकच. सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो, तसे बार्लीला आणायचे. मग ती वाळवायची, भरडायची, गरम पाण्यात तिचा गोडवा उतरवायचा, यीस्टने आंबवायचं आणि तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, दोनदा गाळायचं. पहिली आणि शेवटची धार बाजूला, मधली तेवढी ओकच्या पिंपात.

खरा फरक पिंपात पडतो. स्कॉटलंडच्या गारव्यात वर्षाला साधारण 2 टक्के दारू उडून जाते, पॉल जॉन जिथे बनते त्या गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या उकाड्यात साधारण 8 टक्के. 100 लिटर भरून 12 वर्षं ठेवले, तर तिकडे 78 उरतील, इथे जेमतेम 37! उष्णतेत लाकडाचा अर्कही लवकर उतरतो, त्यामुळे गोव्याची माल्ट कमी वर्षांत मुरते. तिकडे किमान 3 वर्षं पिंपात ठेवायचा कायदाच आहे, आणि लेबलवरचं वय बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. रंगावरही जाऊ नका. स्कॉचमध्ये कॅरमेल घालायला परवानगी आहे.

धूर हवा असेल तर मात्र स्कॉटलंडच, तेही आयला बेट. तिथे लाफ्रोयग या व्हिस्कीच्या कारखान्यात आजही थोडी बार्ली जमिनीवर पसरतात, मोड फुटताना फावड्याने उलटीपालटी करतात आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून काढलेल्या मातकट इंधनाच्या धुरावर सुकवतात. ग्लास नाकाशी नेला की आधी विझलेल्या चुलीचा वास येतो, मग आयोडीनचा, आणि गोडवा बराच मागून. पहिल्यांदा पिणाऱ्याला तो वास जड जाऊ शकतो. पॉल जॉनच्या धुरकट माल्टसाठीही पीट स्कॉटलंडहूनच येतं.

म्हणून पहिल्या बाटलीसाठी मी गोव्याची बिनधुराची माल्ट सुचवेन. कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या भारतीय बार्लीत स्टार्च कमी असतो, तेवढ्याच धान्यातून दारूही कमी निघते; पण जिभेवर मध आणि सुकामेवा सरळ कळतो. चार थेंब पाणी घाला, पाच मिनिटं थांबा, मग चाखा. गोव्यातून आणणार असाल तर राज्याबाहेर नेण्याच्या परवान्याचे नियम आधी बघून घ्या.