चाळीस मीटरवरचं हरीण: डीएससी १ या हरीण-शिकारीच्या प्रमाणपत्राच्या नेमबाजीसाठी घेतलेली एका दिवसाची शिकवणी

आमची शेती कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या बाजूला. ज्वारी हुरड्यात आली की आजोबा माळ्यावर बसायचे, मीही शेजारी. पाखरांना गोफण, हरणांना पत्र्याचा डबा. रात्रीत अर्धा तुकडा फस्त झाला तरी काळविटाला हात लावायचा नाही. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आजोबांच्या लेखी त्याआधीपासून पाप होतं.

आता राहतो इंग्लंडात, नॉरफोकला. इथे गणित उलटं आहे. लांडगा आणि लिंक्स हे मोठं रानमांजर केव्हाच संपले, हरणांना खाणारं कोणी उरलं नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या राईत मुंटजॅकने नुसता उच्छाद मांडलाय. हे आपल्या भेकराचं चिनी भावंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरच्या वोबर्न पार्कात आणलं, तिथून पसरलं. छाटलेल्या झाडांना फुटलेले कोवळे कोंब आणि ब्लूबेल्सची रानफुलं ते जमिनीलगत कुरतडून टाकतं. मदतीला येऊ का विचारलं, तर शेतकरी म्हणाला, आधी डीएससी १ कर. कायद्याने हे प्रमाणपत्र सक्तीचं नाही, पण ते नसेल तर जमीनमालक सहसा दारात उभं करत नाहीत.

लेखी भाग अभ्यासाने सुटतो: सहा जातींची हरणं ओळखणं, मांसाची स्वच्छता, सुरक्षितता. अडतं ते नेमबाजीत. आधी १०० मीटरवर पालथं पडून तीन गोळ्या १० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवायच्या. मग हरणाच्या चित्रावर सहा: १०० मीटरवरून दोन पालथं पडून, ७० वरून दोन बसून किंवा गुडघ्यावर, ४० वरून दोन उभ्याने.

पहिल्या खेपेला मी नापास झालो. जिथे गेलो तिथे सगळ्यांना एकच रायफल. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, माझ्या हाताला लांब, म्हणून मान पुढे ताणून दुर्बिणीला डोळा लावला. दुसऱ्याच गोळीला दुर्बिणीचा धक्का बसला आणि भुवईवर चंद्रकोरीसारखी चीर पडली. पुढची प्रत्येक गोळी मी डोळा मिटून झाडली. ४० मीटरवरची एक तर पोटात गेली. कागदाचंच होतं, पण ते भोक पाहून मला घरी जेवण गेलं नाही. खरं जनावर असतं तर तासन् तास तडफडत राहिलं असतं.

त्यानंतर ही एका दिवसाची शिकवणी घेतली. शिक्षक निवृत्त गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानाचे राखणदार, आहेत. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण शिकवणी कशी असावी हे कळावं म्हणून सविस्तर सांगतो.

सकाळचे दोन तास काडतूस दिसलंसुद्धा नाही. आधी दस्त्याची लांबी माझ्या कोपराशी लावून पाहिली आणि आखूड दस्त्याची पॉइंट ३०८ बोअरची रायफल दिली, नळीला सायलेन्सर. मग पालथं पाडून नळीवर एक पाउंडाचं नाणं ठेवलं. चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. माझं अकरा वेळा पडलं. ते शेजारी गवतावर आडवे झाले आणि माझ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवून चाप कसा हळूहळू आवळायचा ते दाखवलं. अर्धा श्वास सोड, थांब, आवळ. बाराव्या खेपेला नाणं जागचं हललं नाही.

दुसरी गोष्ट मी कुठेच ऐकली नव्हती. नेम धर, डोळे मीट, दोन श्वास घे, उघड. दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हातांनी ओढून परत आणायची नाही. कंबर सरकवायची, पाय सरकवायचे. शरीर जिकडे आपसूक वळतं तिकडेच गोळी जाते.

दुपार त्यांनी सगळी ४० मीटरसाठी ठेवली, आणि यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. अंतर जवळचं असल्याने या टप्प्याची तयारी कोणी करत नाही, आणि उभं राहिलं की माणूस वेताच्या काठीसारखा डुलतो. त्यांनी दुर्बिणीची पट १० वरून ४ वर आणली. हात तेवढाच हलतो, पण डोळ्याला कमी दिसतो आणि मन घाई करत नाही. आधाराच्या काठ्या जरा पुढे रोवायला लावल्या, म्हणजे वजन त्यांच्यावर किंचित रेलतं. नेम पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागावर. फुली तिथे ठरली नाही तर रायफल खाली. दुपारभरात त्यांनी मला निम्म्याहून जास्त वेळा चाप न ओढताच खाली घ्यायला लावली. मागे मातीचा बांध नसेल, हरणाआड दुसरं हरीण असेल, ते टेकाडाच्या कडेवर, मागे नुसतं आकाश असं उभं असेल, तरी तेच. हे सगळं चित्रं बदलून करून घेतलं.

उणिवाही आहेत. १२० पाउंडांच्या फीत काडतुसं धरलेली नाहीत, आणि हे तिथे गेल्यावर कळतं. ७० मीटरला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. मांडी घालून बसायची आपल्याला सवय असल्याने माझं निभावलं, पण गुडघे दुखणाऱ्याला तेवढ्याने पुरणार नाही. कानाला लावायला देतात ते कव्हर सैल आहे, दस्त्याला घासून सरकतं. स्वतःचं न्या. बोलणं अस्सल नॉरफोकचं, पण समजलं नाही असं म्हटलं की तेच तितक्याच शांतपणे पुन्हा सांगतात.

तीन आठवड्यांनी परीक्षा दिली. नऊच्या नऊ गोळ्या जागेवर. ४० मीटरच्या दोन भोकांत दोन बोटांचं अंतर होतं.

हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळचीच वेळ मागा. चार वाजता अंधारतं आणि उभ्याने झाडायचा सराव शेवटी असतो, तोच कापला जाईल. रात्रपाळी करून जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, तर त्यांनी माझे हात पाहिले, चहा दिला, पैसे न घेता परत पाठवलं आणि पुढची तारीख दिली.