टेपखाली सांधाच नव्हता

बेळगावात आमच्या खासबागच्या घरामागं मागाची खोली आहे. मामंजींचा हातमाग त्या खोलीत खड्ड्यात बसवलेला होता. माग मोडून विकला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खड्ड्यावर फळ्या टाकल्या, वर पोती अंथरली आणि दरवर्षी दिवाळी झाली की माझ्या अडेनियमच्या, म्हणजे डेझर्ट रोजच्या, कुंड्या त्यावर जाऊन बसायला लागल्या. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, पण मार्गशीर्षातल्या पहाटे आमच्या गच्चीवर उभं राहून बघा! अडेनियम आफ्रिका आणि अरबस्तानाकडचं, उन्हात भाजून निघालेल्या मुलखातलं झाड. थंडी पडली की ते पानं टाकतं आणि झोपी जातं. त्या झोपेत पाणी घातलं की बुंधा आतून कुजतो. वरून सगळं धड दिसतं आणि एक दिवस अंगठ्यानं दाबलं की पिकल्या चिकूसारखं बोट आत जातं. अशी दोन झाडं घालवल्यावर मी शहाणी झाले. थंडीत पाणी जवळजवळ बंद, सकाळी दहानंतर खिडकीतलं ऊन, रात्री दार लावून घ्यायचं. एवढ्यावर माझी सहा-सात झाडं दरवर्षी सुखरूप पाडव्यापर्यंत यायची.

हे सगळं सांगायचं कारण असं की मला झाडांतलं काही कळत नव्हतं म्हणून मी फसले, असं झालेलं नाही. कळत होतं म्हणूनच फसले.

२०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. ओळखीच्या बाईंनी एक नंबर दिला. पलीकडचा माणूस कोल्हापूरकडच्या मराठीत, 'ताई, ताई' करत बोलायचा. नर्सरी कागलच्या पुढं आहे म्हणाला. पहिल्या फोनवर विकायची गोष्टच नाही. माझ्या झाडांचे फोटो मागितले आणि एका झाडाकडं बघून म्हणाला, "याला पाणी थांबवा ताई, बुंध्याचा रंग बघा." खरंच त्या झाडाचा बुंधा एका बाजूनं मऊ पडायला लागला होता. मग थंडीत कुंडी किती कोरडी ठेवायची, घरात फुलं आली तर परागीकरण हातानं कसं करायचं, हे त्यानं अर्धा तास सांगितलं. त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. आजही मी ते तसंच करते. खोटं बोलायला तो दुसऱ्या आठवड्यात लागला, तोवर माझा त्याच्यावर विश्वास बसून गेला होता.

त्याची योजना अशी. थायलंडहून आणलेल्या रंगांची दहा कलमी 'मदर प्लांट', म्हणजे ज्यांच्यापासून बी धरायचं ती झाडं घ्यायची, एकाला १,४५० रुपये. काळा, पिवळा, डबल पाकळीचा, कडेला लाल पट्टा असलेला, असे दहा वेगळे रंग. झाडं हिवाळाभर घरात सांभाळायची, फेब्रुवारीत त्यांची फुलं एकमेकांवर फळवायची आणि बी तो आठ रुपयाला एक या भावानं पाडव्याला विकत घेणार. मी शिवणकाम करते, हिशेब मला तोंडपाठ येतो. दहा झाडं, प्रत्येकाला पाच शेंगा, शेंगेत पन्नास बिया. झालं, अडीच हजार बी, वीस हजार रुपये! वर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार. तोही मला फोटोतच दिसला, मूळ कागद कधी हातात आला नाही.

१४,५०० रुपये मी फोनवरून पाठवले. पाठवताना पडद्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे ताई." वर २,८०० चा जांभळा एलईडी दिवा घ्यायला लावला. तसाच दिवा नंतर गणपत गल्लीत कितीला मिळतो ते बघितलं, पण तो आकडा लिहायची इच्छा नाही.

झाडं नोव्हेंबरच्या मध्यावर आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मातीशिवाय, पानांशिवाय. दहा करड्या काटक्या. बुंध्याच्या थोडं वर प्रत्येकीला पांढरी कलम-टेप आणि प्रत्येकीला रंगाच्या नावाची चिठ्ठी. आता इथंच त्याची खरी हुशारी होती. अडेनियम थंडीत बिनापानाचं पाठवतात, मुळं धुऊन पाठवतात, हे अगदी रास्त आहे. आणि झोपलेलं अडेनियम काळ्या फुलाचं असो की साध्या गुलाबी, बघणाऱ्याला एकच दिसतं. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच खरं मानायचं. मे महिन्यात त्याला हा धंदा जमला नसता. तेव्हा झाड फुलावर असतं आणि माणूस फूल बघून पैसे देतो. त्यानं नोव्हेंबर उगीच नव्हता निवडला.

"टेप काढू नका ताई, कलम मरतं," हे त्यानं तीनदा बजावलं होतं. बांधल्यावर पहिले काही आठवडे हे खरंही असतं.

मी त्या दहा झाडांची जी सेवा केली ती आमच्या घरात कुणाची झाली नसेल. रोज सकाळी कुंड्या खिडकीपाशी सरकवायच्या, संध्याकाळी परत पोत्यावर. रात्री जांभळा दिवा. मामंजी दारातून बघायचे आणि म्हणायचे, "मागाच्या खोलीत नाटक बसवलंयस व्हय?"

जानेवारीच्या शेवटी टोकांना कळ्या धरल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिलं फूल उमललं, 'काळा' अशी चिठ्ठी असलेल्या झाडावर. गुलाबी, गळ्याशी पांढरट, पाच पाकळ्या, एकेरी. दुसऱ्या दिवशी 'पिवळा' फुलला, तोही गुलाबी. आठवड्याभरात दहाच्या दहा गुलाबी. असं झाड नर्सरीत दीडशे-दोनशेला मिळतं.

फोन केला तर हसला. "पहिल्या बहराला खरा रंग येत नाही ताई. थंडीतलं फूल आहे, ऊन नाही. दुसऱ्या बहराला बघा." ऊन आणि तापमान बदललं की अडेनियमच्या फुलाचा रंग कमी-जास्त होतो, हे मी स्वतः बघितलेलं. त्यामुळं मी मान डोलावली. गडद लाल थोडं फिकं पडेल, पण पिवळं फूल गुलाबी कसं होईल आणि थंडीनं डबल पाकळीचं एकेरी कसं होईल, हा प्रश्न मी स्वतःलासुद्धा विचारला नाही. वीस हजारांचा हिशेब डोक्यात पक्का बसला होता.

मग मी परागीकरणाला बसले. हे काम मात्र मला फार आवडलं, म्हणून थोडं सांगते. अडेनियमच्या फुलात नरसाळ्याच्या तळाशी पाच परागकोश टोकं जुळवून छोटा मंडप करून उभे असतात आणि त्यांच्या शेंड्यांतून केसांसारखे लांब तंतू वर येतात. पराग त्या मंडपाच्या आत. फुलाची एक बाजू नखानं फाडायची, तंतू हळूच बाजूला करायचे, बारीक काडीनं पिवळसर पराग उचलायचा आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात दोन परागकोशांमधल्या फटीत खालून सरकवायचा. त्याच झाडाचा पराग सहसा चालत नाही, वेगळं झाड लागतं. मी मामंजींच्या जुन्या ब्रशाचा एक केस वापरला. चष्मा नाकावर, श्वास रोखून, दहा झाडांची तीसेक फुलं. तीन आठवड्यांत काही ठिकाणी बैलाच्या शिंगांसारख्या जोडशेंगा फुटल्या. तो आनंद खरा होता, त्यावर त्या माणसाचा काही हक्क नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. बी विकत घ्यायचं तर माझ्या नावानं 'बियाणं उत्पादक परवाना' काढावा लागेल, ४,२०० रुपये, बिलात परत मिळतील. पाठवले. एकूण २१,५०० झाले.

आता माझा मलाच राग येतो तो इथं. अडेनियमची शेंग पिकायला दोन ते तीन महिने लागतात, हे त्यानंच मला पहिल्या फोनवर सांगितलं होतं. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. फेब्रुवारीत फळवलेल्या फुलाचं बी पाडव्याला कुठून येणार? बी घ्यायची वेळच येणार नाही अशी तारीख त्यानं करारात घातली होती आणि त्या तारखेच्या आत परवान्याचे पैसे उकळून तो मोकळा झाला होता. शिवणकामात मी वाराचा हिशेब चुकत नाही. इथं साधे महिने मोजले नाहीत.

मार्चच्या मध्यानंतर फोन बंद. आधी 'व्यस्त', मग 'अस्तित्वात नाही'.

त्या दिवसांत एका दुपारी मामंजी खोलीत आले. 'काळ्या'ची कुंडी मांडीवर घेतली आणि न विचारता टेप सोडायला लागले. मी ओरडले. त्यांनी लक्ष दिलं नाही. टेप चार वेढ्यांची होती. आतली साल टेपखाली राहून जरा फिकट, हिरवट दिसत होती. आयुष्यभर तुटलेलं सूत सांधलेला माणूस. त्यांनी अंगठा खालून वर फिरवला, परत वरून खाली. "यात सांधा न्हाई गं," म्हणाले. "सांधा असला तर बोटाला लागतोच."

मी दहाही सोडल्या. एकाही झाडावर कापाची रेघ नव्हती. खऱ्या कलमात इंग्रजी व्हीसारखा किंवा आडवा काप असतो, त्याचा व्रण वर्षानुवर्षं दिसतो, खालची-वरची साल थोडी वेगळी असते. इथं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकच गुळगुळीत साल. साध्या रोपांना नुसती टेप गुंडाळली होती.

एप्रिलमध्ये एका नातलग मुलीला घेऊन पत्त्यावर गेले. निपाणीपर्यंत कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेतून एसटीनं आधार कार्ड दाखवून फुकट, तिथून पुढं तिकीट काढून. कोगनोळीचा टोल नाका मागं पडला की महाराष्ट्र लागतो. कराराच्या फोटोवरच्या गट नंबरात नर्सरी नव्हती, ऊस होता. पाणी पाजणाऱ्या आजोबांनी आम्हाला बघून विचारलं, "फुलाचंच न्हवं?" आमच्या आधी संकेश्वरकडचा एक माणूस येऊन गेला होता.

पोलिसात जायला मी लाजत होते. शिवाय झाडं बेळगावात, पत्ता महाराष्ट्रातला, मी कुणाकडं जाऊ? सीमेवरच्या माणसाला ही सवयच असते, प्रत्येक कामात आधी विचारायचं की हे कुणाच्या हद्दीत. ठाण्यात समजलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं गुन्हा कुठंही घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली, मला वाचून समजावली, मी सही केली. पण खरी वेळ गेली होती. पैसे गेल्याबरोबर, पहिल्या काही तासांतच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी महिना घालवला. आधी आशेवर, मग लाजेवर. पैसे अजून आलेले नाहीत.

कुणी परदेशी कलम म्हणून विकत असेल तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, बघायला मागा. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणं बाहेरून झाडं आणताना दोन्ही लागतात, अस्सल व्यापाऱ्याकडं असतात. कलम थंडीत घ्यायचंच असेल तर टेप सोडलेलं, व्रण दिसणारं घ्या. निळ्या अडेनियमचा फोटो दाखवला तर तिथूनच फोन ठेवा. जपान्यांनी गुलाबात दुसऱ्या फुलाचं जनुक घालून २००९ मध्ये 'निळा' म्हणून जो गुलाब बाजारात आणला, तोसुद्धा बघायला जांभळटच आहे. आणि 'बी आम्हीच विकत घेऊ' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, मागच्या वर्षी कुणाकडून घेतलंत? त्यांचा फोन द्या. मला हे सुचलं नाही.

शेंगा मेच्या पहिल्या आठवड्यात पिकल्या. उकलायच्या आधी दोऱ्यानं बांधाव्या लागतात, नाहीतर बियांच्या दोन्ही टोकांना कापसासारखे तुरे असतात, ते वाऱ्यावर उडून जातात. मामंजींच्या डब्यातला जुना रेशमी दोरा वापरला. चारशेवर बी निघालं. उगवलेली रोपं गल्लीत वाटली. गुलाबीच येतील, तसं सांगूनच दिली.

गेल्या आठवड्यात वडगावहून एक बाई ब्लाउज शिवायला टाकायला आल्या. दारातली झाडं बघून म्हणाल्या, त्यांना एका नर्सरीवाल्याचा फोन आलाय, आता ऑर्किड आहे, दहा मदर प्लांट, रोपं तोच परत घेणार. नंबर दुसरा, नाव दुसरं. मी विचारलं, झाडं कधी पाठवणार? म्हणाल्या, दिवाळीनंतर, फुलं गळून गेली की. आणि मुळांना गुंडाळलेलं शेवाळ सोडायचं नाही असं बजावलंय, सोडलं तर झाड मरतं म्हणे.

मी त्यांना हे सगळं सांगितलं, टेपासुद्धा काढून दाखवल्या, डब्यात ठेवल्यात मी. त्यांनी अजून पैसे पाठवलेले नाहीत. नंबरही काढून टाकलेला नाही.