अल्फा पावडर की बीटा?

पवईच्या लॅबमध्ये सिलिकॉन नायट्राइड या कठीण सिरॅमिकची भट्टी लावायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच. अल्फा आणि बीटा ही याच पदार्थाची दोन स्फटिकरूपं. माझा कौल अल्फाला. यिट्रिया, अॅल्युमिना (यिट्रियम आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं) मिसळून तापवलं की पावडरच्या कणांवरच्या सिलिकाशी, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडशी, मिळून त्यांचा द्रव होतो. अल्फा त्यात विरघळतो आणि बीटा होऊन बाहेर पडतो. परतीची वाट नाही. १७५० अंश सेल्सिअसच्या आसपास बीटाचे दाणे लांबट, षटकोनी कांड्यांसारखे वाढून एकमेकांत अडकतात. तुटलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरा: भेग कांड्यांना वळसे घालत गेलेली, काही कांड्या तर मुळासकट उपटलेल्या. चिवटपणा येतो तो इथून.

बीटा पावडर स्वस्त, पण तिच्यात रूपांतर व्हायचं उरलेलंच नसतं. दाणे बहुधा ठेंगणे, गोलसर राहतात. उष्णता वाहून नेणारी पाटी बनवायची असेल, तर मात्र शुद्ध बीटाचा विचार जरूर करा.