भंगारातल्या तंतुवाद्याला पिकअप कोणता: पिएझो की चुंबकीय?

भंगारातून तंतुवाद्य बनवताना फळी, तारा, खुंट्या कुठूनही जमतात. वाद्याचा आवाज ठरतो तो पिकअपवर, म्हणजे कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या भागावर.

पिएझो चकती, म्हणजे दाब किंवा कंपनाने वीज निर्माण करणारी पातळ चकती, जुन्या बझरमधून अलगद निघते. दोन वायरी सोल्डर करून ती घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) घट्ट बसवायची. ती तारेचं नव्हे, लाकडाचं कंपन टिपते, म्हणून नायलॉनच्या ताराही चालतात. पण फळीला बोट लागलं तरी स्पीकरमधून ठक्क ऐकू येतं. अनेक जण चकतीच खराब समजून फेकतात, कारण आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. दोष चकतीचा नसतो. साध्या ऑडिओ इनपुटचा अवरोध कमी असतो, त्यामुळे खर्ज गळतो. १ मेगाओहम किंवा अधिक इनपुट अवरोधाचा छोटा प्रीअँप (स्पीकरच्या अँपआधीचा छोटा वर्धक) मध्ये घाला, तोच आवाज भरदार होतो. एका जेफेटवर (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) हे काम भागतं.

चुंबकीय पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेची कॉइल; त्याला पोलादी ताराच हव्यात. बारीक तारेचे हजारो वेढे हाताने गुंडाळण्यापेक्षा जुन्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल काढा. ५ व्होल्टच्या रिलेपेक्षा २४ व्होल्टवाली घ्या, तिच्यात वेढे जास्त असतात. हार्ड डिस्कमधलं चुंबक मात्र टाळा: ते तारेला इतकं ओढतं की सूर डळमळतो. त्यापेक्षा फेराइटचं चुंबक बरं. एकेरी कॉइल विजेची घरघरही उचलते. उलट ध्रुवाची, उलट वेढ्यांची दुसरी कॉइल जोडली की ही घरघर बरीच दबते.

पहिल्या वाद्याला मी पिएझोच सुचवेन. पोलादी तारांची लांब आस (छेडल्यावर टिकणारा नाद) हवी असेल, तर मात्र चुंबकीयची मेहनत सार्थ आहे.