दोन पफिन, एकच साचा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका हस्तकलेच्या दुकानात शाडूच्या पफिनची, म्हणजे रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्याची, जोडी ६५० रुपयांना मिळते. एक अटलांटिक पफिन, दुसरा हॉर्न्ड, म्हणजे शिंगवाला. कमाटीबागेतल्या संग्रहालयात व्हेलचा सांगाडा बघून आलेल्या पोरांना भेट म्हणून बरी. रंगकाम देखणं आहे, पण दोघंही एकाच साच्यातून काढलेत आणि गडबड तिथेच झाली आहे.

अटलांटिक साधारण ३० सेंटिमीटर लांब. उत्तर पॅसिफिकमधला शिंगवाला ३८च्या आसपास. म्हणजे पहिला ११ सेंटिमीटरचा केला तर दुसरा १४चा हवा. इथे दोन्ही ११.

चोची मात्र फक्कड जमल्यात. अटलांटिकची बुडाशी निळसर राखाडी, मग पिवळी रेघ, पुढे लालसर नारिंगी. शिंगवाल्याची पिवळी, टोकाला लाल. निळ्याचा मागमूस नाही. गळा चुकला: शिंगवाल्याचा काळा रंग पार हनुवटीपर्यंत चढायला हवा, तो दोघांनाही सारखाच पट्ट्यापाशी थांबवलाय. शिंगं तर पोळ्याच्या बैलाची! खरं शिंग म्हणजे डोळ्यावर उभं राहणारं बारीक, काळं, मांसल टोक. मातीत ते टिकत नाही, आत तार घालावी लागते. मासेही खंड्यासारखे लांबट धरलेत. पफिन ते चोचीत आडवे धरतो, जिभेने टाळूच्या काट्यांवर दाबून. म्हणूनच एका खेपेत दहाएक मासे आणू शकतो.

सगळ्यात मोठी चूक बैठकीची. दोघांनाही मातीच्या बिळाच्या तोंडाशी बसवलंय. अटलांटिकला ते शोभतं: चोचीने उकरून, पायांनी माती मागे फेकत तो जवळजवळ मीटरभर लांब बीळ करतो आणि आत एकच अंडं घालतो. शिंगवाला बहुतेक ठिकाणी खडकांच्या कपारीत घरटं करतो. त्याच्याखाली चार-पाच फुटक्या खडीचे तुकडे चिकटवले तरी भागेल.

दुकानदार ऑर्डरवर ‘हिवाळी’ पफिनही करून देतो, पण चोच तीच भडक. हिवाळ्यात चोचीवरची रंगीत कवचं गळतात, चेहरा काळपट राखाडी होतो.

बुडाला वॉर्निश नाही. जुलैत कच्ची शाडू तिथूनच ओल ओढते आणि पायांचा नारिंगी रंग पोपडे धरतो. आणल्याबरोबर बुडाला दोन हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

सुटा अटलांटिक ३५०ला देतात. तोच घ्यावा.