वाचन दहा मिनिटांचं, गप्पा तासभर: एका फिलिपिनो पॉडकास्टचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

मनिलातले चार कॉलेजमित्र एक छोटा मजकूर निवडतात, त्यातला एक जण तो मोठ्यानं वाचतो आणि मग तासभर चौघं त्यावर बोलतात. दोन मुलगे, दोन मुली. कधी कथा, कधी कविता, कधी जुना निबंध, कधी चक्क सरकारी कागद. मला याची सवय बोटीवर लागली आणि घरी सुट्टीवर आलो तरी सुटलेली नाही. पॉडकास्टचं नाव इथे देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि ही मंडळी पदरमोड करून हौसेनं हे चालवतात. या धाटणीचे आणखी एक-दोन कार्यक्रम चाळले, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

मी मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर, म्हणजे आमच्या बोलीत ‘तीन साब’. अधिकारी भारतीय आणि खालचा क्रू फिलिपिनो, ही जोडी जहाजांवर नेहमीची. इतकी वर्षं एका मेसमध्ये जेवूनही मला त्यांच्याबद्दल काय ठाऊक होतं? कॅरिओके, अडोबो नावाचं त्यांचं मांसाचं कालवण आणि सप्टेंबरातच वाजायला लागणारी नाताळची गाणी. आमचा ऑयलर, म्हणजे इंजिनरूममधला तेलपाणी बघणारा, इलोइलोचा, वयानं माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला ‘कुया’, म्हणजे दादा, म्हणतो. त्यानंच पहिले काही भाग माझ्या फोनवर टाकले. जहाजावर डेटा मोजून मिळतो, त्यामुळे हे नुसतं ऐकायचं प्रकरण फार सोयीचं. एखाद्या व्हिडिओला जेवढा डेटा जातो तेवढ्यात महिन्याभराचे भाग उतरवून होतात.

आधी भाषेचं सांगतो, कारण विचारणारे पहिलं तेच विचारतात. गप्पा टॅगालॉग (मनिलाकडची भाषा) आणि इंग्रजीच्या खिचडीत चालतात. वाक्य इंग्रजीत सुरू होतं आणि टॅगालॉगमध्ये संपतं. मजकूर मात्र बऱ्याचदा अख्खा इंग्रजीत असतो. 1898 साली स्पॅनिश राज्य संपून अमेरिकन आले, शाळा इंग्रजीत झाल्या आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तिकडे इंग्रजीतून कथा लिहिणारी पिढी तयार झाली. म्हणून वाचन पूर्ण कळतं, चर्चा निम्मीशिम्मी कळते आणि विनोद अजिबात कळत नाहीत, कारण चौघंही विनोद टॅगालॉगमध्येच करतात. ॲपमध्ये आपोआप तयार होणारा लिखित मजकूर या खिचडीपुढे हात टेकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. दोनेक महिन्यांत कान तयार होतो. अडलं तर मला कुया होता. तुम्हाला कुणी नसेल तर इंग्रजी मजकुराचे भाग आधी घ्या.

मला सगळ्यात आवडलेला भाग मानुएल अर्गिल्या यांच्या ‘हाउ माय ब्रदर लिओन ब्रॉट होम अ वाइफ’ या कथेवरचा. थोरला भाऊ लिओन मनिलाहून बायको घेऊन उत्तरेकडच्या आपल्या खेड्यात येतो. धाकटा बाल्दो बैलगाडी घेऊन त्यांना आणायला जातो, आणि वडिलांच्या सांगण्यावरून गाडी सरळ हमरस्त्यानं न आणता कोरड्या नदीपात्रातून, शेतांमधून, अंधारात आणतो. शहरातली मुलगी घाबरते का, हे म्हाताऱ्याला बघायचं असतं. घरी पोचल्यावर तो बाल्दोला एकट्याला गाठून विचारतो, बैलाला भ्यायली का ती? गोष्ट एवढीशीच. मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

वाचन संपलं आणि दोन मिनिटांत चौघांची जुंपली. ज्याचं आजोळ त्याच उत्तरेकडच्या इलोकोस भागातलं, तो म्हणाला, किती गोड म्हातारा आहे. नुकतंच लग्न झालेली मैत्रीण उसळली. तिचं म्हणणं, ती बाई एवढी दमून आलेली, तिला न सांगता तिची परीक्षा घ्यायची, आणि नवराही गप्प राहून त्यात सामील, यात गोड काय? मग दोघांनी कथेत शोधाशोध सुरू केली, लिओनला हे कितपत ठाऊक होतं ते. कुठल्या वाक्यात तो चमकतो, कुठे विषय बदलतो, ते एकेक ओळ वाचून तपासलं. चौथ्याच्या मधेच लक्षात आलं की बायको लिओनला ‘नोएल’ म्हणते, ते त्याचंच नाव उलटं केलेलं आहे. हे शाळेत आपल्याला कुणी सांगितलंच नाही म्हणून चौघं पाचेक मिनिटं नुसती हसत होती. वाद काही मिटला नाही. मी संगमेश्वरकडचा. आमच्याकडे ही परीक्षा बैलगाडीवर नाही, भाकरीवर घेतात, आणि निकाल पोरांना नाही, शेजारच्या काकूंना विचारतात. त्यामुळे मी मनातल्या मनात त्या मैत्रिणीच्या बाजूनं होतो. कुया म्हाताऱ्याच्या बाजूनं.

शेवटी त्यांनी लेखकाबद्दल दोनच वाक्यं सांगितली. अर्गिल्या दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्ध गुप्तपणे काम करत होते आणि 1944 मध्ये जपान्यांनी त्यांना ठार मारलं. हे आधी सांगितलं असतं तर कुणी त्या कथेवर मोकळेपणानं भांडलं नसतं. लेखकाचं चरित्र शेवटी सांगायचं, हा यांचा नियमच दिसतो आणि तो मला फार पटला. आपल्याकडच्या परिसंवादात आधी वीस मिनिटं वक्त्यांचा परिचय होतो, मग शाल-श्रीफळ, आणि मूळ कवितेच्या वाट्याला चहा यायच्या आधीची दहा मिनिटं.

या सगळ्याचं गमक मजकुराच्या लांबीत आहे, असं माझं मत झालंय. कादंबरीवरच्या चर्चेत निम्म्यांनी पुस्तक अर्ध्यात सोडलेलं असतं आणि उरलेले पाठीमागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून आलेले असतात. इथे वाचन तुमच्यासमोरच होतं, थाप मारायला जागाच नाही. ऐकणाराही त्यांच्या बरोबरीला येतो. नाताळच्या सुमाराला त्यांनी एक आख्खी कादंबरी घेतली होती, तो भाग सपशेल पडला. नुसतं ‘मला अजून तिथपर्यंत जायचंय’ चाललं होतं.

सरकारी कागद म्हणालो तो म्हणजे फिलिपिन्सच्या 1987 च्या राज्यघटनेची उद्देशिका. 1986 च्या फेब्रुवारीत लोक रस्त्यावर उतरले, हुकूमशहा मार्कोस देश सोडून गेले आणि पुढच्या वर्षी ही घटना आली. तिच्या उद्देशिकेत सत्य, न्याय, स्वातंत्र्य, समता, शांतता यांच्या रांगेत चक्क ‘प्रेम’ही आहे. यावर या पोरांनी जी टिंगल केली ती ऐकण्यासारखी आहे. ट्रॅफिकचा दंड भरताना हे कलम दाखवायचं का, इथपासून सुरुवात. पण हळूहळू ती गंभीर होत गेली. एकीच्या आईवडिलांची ओळखच त्या फेब्रुवारीतल्या गर्दीत झालेली. ती म्हणाली, आमच्या घरात तो शब्द कुणाला विनोदी वाटत नाही. पवित्र मजकुराची थट्टाही करायची आणि त्याला पायदळीही तुडवायचं नाही, हे या चौघांना सहज जमतं. आपल्याकडे एक तर पूजा, नाहीतर ट्रोलिंग.

एक भाग आम्ही मेसमध्ये स्पीकरवर लावला. फिलिपिनो लेखक कार्लोस बुलोसान यांचा ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’, म्हणजे ‘अभावापासून मुक्ती’, हा निबंध. बुलोसान 1930 साली अमेरिकेत उतरले, शेतांवर आणि मासळीच्या डबाबंद कारखान्यात राबले. 1943 च्या मार्चमध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन मासिकानं चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांच्या चित्राबरोबर हा निबंध छापला. चित्रात भरल्या टेबलाभोवती हसरं कुटुंब आणि मधोमध भाजलेली टर्की. सोबतचा निबंध मात्र पोटासाठी राबणाऱ्यांच्या बाजूनं बोलणारा. चर्चेत एक मैत्रीण म्हणाली, माझी आई बारा वर्षं परदेशात दुसऱ्यांची घरं सांभाळत होती. तिच्याकडून येणारा बालिकबायन बॉक्स, म्हणजे परदेशातून घरी पाठवायचं भेटींचं खोकं, उघडला की साबण, चॉकलेट आणि कॉर्न्ड बीफचे डबे असा सगळा मिळून एकच वास यायचा. आमच्या घरी ‘भरलेलं टेबल’ म्हणजे ते खोकं, आणि टेबलाशी आई नाही. मेसमध्ये जेवत असलेले सगळे खलाशी तसलीच खोकी घरी पाठवणारे. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, उठून आणखी भात घेऊन आला आणि म्हणाला, हे शाळेत शिकवलं असतं तर मी वाचलं असतं. मग त्यांचा विषय रिझालवर घसरला. 1956 च्या कायद्यानं त्यांचे राष्ट्रीय नायक, लेखक होसे रिझाल यांचं लेखन तिथल्या शाळा-कॉलेजांत सक्तीचं केलंय, त्यामुळे प्रत्येकाकडे रिझालच्या नावानं एखादी छडीची आठवण आहेच.

आता तक्रारी. पहिली बारा-पंधरा मिनिटं फुकट जातात. कोण काय खाऊन आलं, कुणाची मांजर आजारी, पाऊस किती. मी सरळ पुढे ढकलतो. आवाज प्रत्येकाचा वेगळा येतो. एक जण खणखणीत, दुसरी विहिरीतून बोलल्यासारखी, आणि मधेच कोंबडा. प्राध्यापक पाहुणे आले की चौघंही विद्यार्थी होतात, मान डोलावतात आणि भाग झोपतो. असे भाग वगळा.

मोठी तक्रार कुयाची आहे आणि ती खरी आहे. देशात शंभराहून जास्त भाषा, पण यांचं जग मनिलापुरतं. कुयाची भाषा हिलिगायनोन. इतक्या महिन्यांत त्या भाषेतला एकही मजकूर आला नाही, सेबुआनोतली एकच कविता आली आणि तीही अडखळत वाचली. मी त्याला म्हटलं, लिहून कळव त्यांना. तो म्हणाला, मनिलावाले उत्तर इंग्रजीत देतील. त्यानं कळवलं नाही ते नाहीच.

तनागावरचा भाग मात्र चुकवू नका. तनागा हा त्यांचा जुना काव्यप्रकार: चार ओळी, प्रत्येकीत सात अक्षरं, पारंपरिक पद्धतीत चारही ओळींना एकच यमक. चौघांनी तिथल्या तिथे एकेक रचली, बोटांवर मोजत, एकमेकांच्या चुका काढत. ऐकताना माझीही बोटं चालायला लागली. यमकासाठी थोडी ओढाताण आहे, आणि आता पत्रं कोण लिहितं हेही मला माहीत आहे, पण ही घ्या माझी:

डोळा लागे ना रात्री
इंजिन घोरे गात्री
घर उरले पत्री
कोण देईल खात्री

कुयाला अर्थ सांगितला, तर त्यानं अर्थाकडे दुर्लक्ष करून आधी अक्षरं मोजली. पास केलं.

ऐकायचं तर क्रम लावू नका, जुने-नवे कुठूनही चालतात. फक्त सुरुवातीला अर्गिल्याच्या कथेचा भाग घ्या, मग उद्देशिका, मग तनागा. घाईत असाल तर नुसतं वाचन ऐकून बंद केलंत तरी हरकत नाही. मी वॉचच्या, म्हणजे ड्युटीच्या पाळीच्या, आधी बऱ्याचदा तेवढंच करतो आणि भांडण रात्रीसाठी ठेवतो. सप्टेंबरनंतर भाग अनियमित होतात, डिसेंबरात तर जवळजवळ बंदच, तेव्हा जुने साठवून ठेवा. आणि मराठीत कुणी बालभारतीच्या जुन्या धड्यांवर असं काही सुरू करणार असेल तर मला कळवा, फक्त अध्यक्ष नेमू नका.