स्पॅमअसॅसिन ठेवू की आरस्पॅमडीवर जाऊ?

मेल उशिरा येतायत, क्यू (मेलची रांग) फुगलीय आणि कोणीतरी सांगितलंय की स्पॅमअसॅसिन (सर्व्हरवर येणारा स्पॅम गाळणारा प्रोग्राम) म्हातारं झालं, त्याच कामाचं आरस्पॅमडी टाक. थांबा जरा.

अंबडला एका द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांचा सर्व्हर मी बघतो, ४ जीबी रॅम. ऐन फेब्रुवारीत, सीझन भरात असताना तो अडला. लॉगमध्ये मेलमागून मेल स्कॅनटाइम (एक मेल तपासायला लागलेला वेळ) १६-१७ सेकंद आणि सीपीयू मात्र निवांत! स्पॅमअसॅसिन स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीला, म्हणजे ब्लॉकलिस्टला, डीएनएसवरून (नावांचे पत्ते शोधून देणारी इंटरनेटची यंत्रणा) विचारतं आणि उत्तराची डिफॉल्ट १५ सेकंद वाट बघतं, त्यामुळे हा आकडा दिसला की आधी डीएनएसवर संशय घ्यायचा. निघालं तेच, रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा) म्हणून ऑफिसचा राऊटरच लावलेला, आणि तो गर्दीत उत्तरच देईना. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर टाकला, फॉरवर्डर न देता (म्हणजे प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे न ढकलता), स्कॅनटाइम दोन सेकंदांच्या आत. गूगलचा ८.८.८.८ लावून मोकळं होऊ नका, स्पॅमहॉस ही मोठी ब्लॉकलिस्ट पब्लिक रिझॉल्व्हरकडून आलेल्या प्रश्नांना नीट उत्तर देत नाही, म्हणजे वेग येईल पण स्पॅम सुटेल.

आता खरा फरक. स्पॅमअसॅसिन पर्लमधलं, एक मेल एक चाइल्ड (मेल तपासणारी एक प्रोसेस) अडवून बसतो, डिफॉल्ट चाइल्ड ५, सहावा मेल रांगेत. म्हणून लोक आकडा २० करतात, रॅम संपते, स्वॅप सुरू होतो आणि सगळंच रांगायला लागतं (मीही केलंय, सांगायला लाज कसली). आरस्पॅमडी सीमध्ये लिहिलेलं, एकच वर्कर एका मेलचं डीएनएस उत्तर येईपर्यंत दुसऱ्या मेलची कामं उरकतो. तेवढ्याच रॅममध्ये कितीतरी जास्त मेल निघतात. पण मेलेल्या डीएनएसवर तेही ब्लॉकलिस्टचे स्कोअर कुठून आणणार?

बायेसचंही बघा, म्हणजे जुन्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणारा भाग. स्पॅमअसॅसिनची डेटाबेस फाइल लॉक होते, अधूनमधून एखादाच मेल मिनिटभर लटकत असेल तर ऑटो एक्स्पायर बंद करून ते जुन्या नोंदी काढायचं काम रात्री क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारा) द्या, नाहीतर बायेस रेडिसवर (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) न्या. आरस्पॅमडीचं बायेस रेडिसवरच चालतं, शिवाय वेब स्क्रीनवर कुठला नियम किती लागला ते दिसतं, हे मला फार आवडतं.

आरस्पॅमडीची खोड म्हणजे ग्रेलिस्टिंग. रेडिस जोडलं की स्कोअर ४ च्या वर गेलेला अनोळखी मेल आधी "थोड्या वेळाने पुन्हा पाठव" म्हणून तात्पुरता नाकारतं, मग नव्या बायरचा मेल अर्ध्या तासाने उगवतो आणि शेठचा फोन, "अहो, नवीन पण स्लोच आहे की तुमचं!"

रोजचे दोन-चार हजार मेल आणि स्वतः लिहिलेले बरेच नियम असतील तर स्पॅमअसॅसिनच ठेवा, डीएनएस सुधारा. नवा सर्व्हर उभा करताय, किंवा डीएनएस धड असूनही पाचही चाइल्ड कायम बिझी, तर आरस्पॅमडी. फक्त एप्रिलनंतर बदला, सीझनमध्ये हात लावू नका.